जुनी गाडी, जुने आपण

स्पोर्ट्स कार म्हणजे श्रीमंतांची चैन, असं आपण धरून चालतो. इतिहास थोडा वेगळा आहे, मंडळी.

१९४५ साली, महायुद्ध संपताच, इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजी टीसी ही छोटी दोन आसनी गाडी बनू लागली. वेग बेताचा, पण चालवण्यात मजा. पुढे १९६२ ते १९८० या काळात एमजीबी गाड्या पाच लाखांवर निघाल्या. १९८० मध्येच तो कारखाना बंद पडला. तीच कल्पना जपानच्या माझदाने उचलली आणि १९८९ साली एमएक्स-५ आणली. २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. इतक्या बनल्या, म्हणूनच साध्या पगारदारालाही निदान सेकंडहँड घेता येऊ लागली.

इंग्लंडातल्या माझ्या भाच्याने साठीत अशीच एक घेतली. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याचा सुमारे ८३० किलोमीटरचा फेरा मारायला. आपल्यापैकी काहींनी नावं ठेवली. पण त्याने आधी गाडी उचलून खालचा पत्रा तपासला. छताचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबल्या, की मागच्या चाकांपुढे दाराखालचा पत्रा आतून गंजतो. वरचा चकचकीत रंग पाहून भुलणारा तिथेच फसतो.

मला यात उधळपट्टी दिसत नाही. अशी गाडी जुनी होते तेव्हाच ती आपल्या खिशाला परवडते, आणि तोवर आपणही जुने झालेलो असतो. पत्रा शाबूत आहे आणि गुडघे चालताहेत, तोवर निघावं.