किल्ला आणि गलबत

दिवाळीत आपली मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. बुरूज होतात, हळीव पेरून रान उगवते, मावळे पहाऱ्यावर उभे राहतात. पायथ्याशी परातीत पाणी ठेवून समुद्र केला, तरी त्यात गलबत सोडायचे मात्र बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. मराठी इतिहासलेखनाचेही काहीसे असेच झाले आहे. डोंगरी किल्ल्यांवर ग्रंथ झाले. आरमाराच्या वाट्याला चार पाने आली.

शिवाजी महाराजांनी मात्र ही दोन्ही कामे एकदमच हाती घेतली. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. ते पुरे होण्याची वाट न पाहता फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः ८५ गलबते आणि ३ मोठी जहाजे घेऊन कानडी मुलखातील बसरूरवर गेले आणि परतताना गोकर्ण, कारवारला आले. घर बांधून होईपर्यंत बाहेर पडायचे नाही, हा विचार त्यांनी केला नाही.

१६७९ मध्ये खांदेरी बेटावर तटबंदी सुरू होताच मुंबईकर इंग्रज आणि सिद्दी यांची आरमारे चालून आली. अर्धवट तटामागचे लोक टिकले, कारण लहान मराठी होड्या इंग्रजांना चुकवून धान्य व सामान पोचवीत राहिल्या. बेटावरचा किल्ला गलबतांवाचून उपाशी मरतो, आणि किल्ल्याच्या आश्रयावाचून गलबतांना वादळात वा पराभवात जागा उरत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रातही वारा प्रतिकूल असता शत्रूशी गाठ न घालता जंजिऱ्याच्या आश्रयास यावे, असाच उपदेश आहे.

कान्होजी आंग्र्यांनी हे गणित मुरवले. त्यांची गुराबे व गलबते किनाऱ्याच्या आसऱ्याने फिरत, संधी साधून झडप घालीत आणि जड जहाजांना शिरता न येणाऱ्या खाड्यांत परतत. इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांसह कुलाब्यावर स्वारी केली; दोन्ही फसल्या. कुलाब्याच्या वेळी बाजीराव पेशव्यांची फौज जमिनीवरून मदतीस आली होती, हे विसरू नये. तट, आरमार आणि पाठीशी उभा मुलूख, असा हा तिपेडी दोर होता.

१७२९ मध्ये कान्होजी गेले आणि त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. पुढे विजयदुर्गाच्या तुळाजीचे पेशव्यांशी बिनसले. नानासाहेबांनी १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला. एप्रिलात सुवर्णदुर्ग पडला. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी वॉटसनचे आरमार विजयदुर्गाच्या खाडीत शिरले, तेव्हा तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करण्यास गेलेला होता. त्याची जहाजे तटाखाली एकमेकांना खेटून उभी होती. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती सगळ्या आरमारात पसरली. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला.

या नाशाचा सारा दोष नानासाहेबांच्या माथी मारण्याची आपल्याकडे रीत आहे. इंग्रजांना दर्याची वाट मोकळी करून देण्याची चूक मोठीच. तिचा बचाव कोणी करू नये. परंतु दोराचा एक पेड पेशव्यांनी तोडला असेल, तर दुसरा विजयदुर्गाच्या खाडीतच जळाला. शत्रू येताना दिसत असता आरमार बाहेर न पडता तटाला बिलगून राहिले आणि लढाईच्या वेळी ना किल्ल्याच्या कामी आले, ना दर्याच्या. रक्षणासाठी जवळ आणलेले बळ तिथेच बांधून ठेवले की ते बळ राहत नाही, ओझे होते.

विजयदुर्गाचा तट आजही उभा आहे. त्या तटाखालच्या जहाजांपैकी मात्र एकही वाचले नाही; आणि त्यांच्यामागून पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवू शकेल असे मराठी आरमार पुन्हा उभे राहिले नाही.