घराखालची माती



साताऱ्यास किंवा सांगलीस घर घेतलेला माणूस पाहुण्यांना आधी इतिहास दाखवतो. गच्चीवरून अजिंक्यतारा दिसतो, किंवा गणपतीचे देऊळ हाकेच्या अंतरावर आहे, असे तो अभिमानाने सांगतो. त्याचा अभिमान रास्तच आहे. १७०८ साली शाहूमहाराजांचा साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि पुढे किल्ल्याच्या पायथ्याशी पेठा वसल्या. १८०१ साली चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून विभक्त झाले आणि सांगलीसारखे लहान गाव राजधानी बनले. परंतु एक इतिहास गच्चीवरून दिसत नाही. तो घराखालच्या मातीचा असतो, आणि घर घेणाऱ्याला पुढेमागे तोच नडतो. मी पंडित नव्हे. कामगारांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता जुने कागद वाचायला शिकलो, एवढेच.

आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले. पिकते ती काळी आणि घरे वसतात ती पांढरी. मिरासी हक्काचा व्यवहार दोघांत गुपचूप उरकत नसे. गोत जमे. कागदावर पाटील नांगराची निशाणी करी, पेठेतले शेटे-महाजन तराजूची, बलुतेदार आपापल्या हत्याराची. अक्षरशत्रू सुतारही वाकसाच्या निशाणीने साक्षीदार होई.

पण एवढ्याने हुरळून जाण्याचे कारण नाही. त्याच पांढरीबाहेर महारवाडा होता. महारांना वतनी जमीन असे, आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवस सरकारची व गावाची चाकरी असे. १९०० साली साताऱ्याच्या सरकारी शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, तेच भीमराव आंबेडकर १९२८ साली मुंबई कायदेमंडळात हे जोखड काढण्याचे विधेयक घेऊन उभे राहिले. कनिष्ठ गाववतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. जमिनी वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या, पण 'नव्या शर्ती'वर. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या विकता येईनात. गरिबाच्या हाती आलेली जमीन सावकाराने कवडीमोलाने उचलू नये, हा त्यातला हेतू.

आता अनुभवाची गोष्ट सांगतो. आमच्या युनियनमधला एक फिटर निवृत्त झाला. फंड आणि ग्रॅच्युइटी घालून त्याने शहराच्या कडेला दीड गुंठा जागा घेतली. दलालाने त्याला तिथून किल्ला दाखवला, सातबारा दाखवला नाही. मी उतारा काढवला, तर वर 'भोगवटादार वर्ग २'. मागचे फेरफार काढले तेव्हा मूळ वतनदाराचे नाव सापडले. त्याचा नातू आम्हाला भेटला. त्याच्या बापाने साठेखतावर अंगठा दिला होता, आणि हाती आलेल्या पैशांत बैलजोडीसुद्धा झाली नव्हती. फिटर बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "भाऊ, म्हणजे लुबाडले दोघांनाही."

त्या दोघांनी मिळून तक्रार दिली. थोडेफार पैसे वसूल झाले. घर मात्र झाले नाही.

म्हणून माझी विनंती अशी. गावाच्या हद्दीत जमीन असेल तर तलाठ्याकडे सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार मागा. शहरात असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा पाहा. देवस्थान इनामाचा किंवा नव्या शर्तीचा उल्लेख दिसला, तर बयाणा देण्याआधी जाणत्या वकिलाला दाखवा. सांगलीत शेजाऱ्यांना आणखी एक विचारा : २००५ साली आणि २०१९ साली कृष्णेचे पाणी या भिंतीवर कुठवर चढले होते? आणि भाव फार स्वस्त वाटला, तर ही जमीन कोणाच्या हातून, कोणत्या भावाने सुटली, हेही विचारा. पूर्वी हा प्रश्न सारे गोत विचारी. आता तो आपणच विचारला पाहिजे.