टेनिस : हौशी व व्यावसायिक खेळाडू

टेनिस : हौशी व व्यावसायिक खेळाडू : टेनिसच्या इतिहासात ‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ या संज्ञांना दोन भिन्न कालखंडांत दोन भिन्न अर्थ प्राप्त झाले. १९६८ पूर्वी हौशीपणा ही नियमांनी ठरविलेली पात्रता होती. खेळापासून द्रव्यार्जन न करणारा तो हौशी आणि विंबल्डनसारख्या प्रमुख स्पर्धांत भाग घेण्याचा अधिकार केवळ त्यालाच असे. १९६८ नंतर हा भेद क्रमाने लोप पावला आणि नोकरी-धंदा सांभाळून फुरसतीच्या वेळी खेळणारा तो हौशी, असा अर्थ रूढ झाला. या अर्थांतरामुळे प्रौढ वयातील हौशी खेळाडूने परिश्रमपूर्वक अव्वल दर्जा गाठण्याच्या शक्यतेतही मोठा फरक पडला.

प्रारंभकाळ : हिरवळीवरील टेनिसचा प्रसार मेजर वॉल्टर विंगफील्ड (१८३३–१९१२) याने १८७४ मध्ये घेतलेल्या एकस्वानंतर इंग्लंडमध्ये झपाट्याने झाला. विंबल्डन येथील पहिली स्पर्धा १८७७ मध्ये भरली. तीत २२ खेळाडूंनी नावे नोंदविली व स्पेन्सर गोर हा विजेता ठरला. प्रवेशशुल्क एक गिनी होते. तत्कालीन मजुराच्या मिळकतीच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. बागबगिच्यांतील हिरवळ, फुरसत व क्लबचे सभासदत्व ज्यांना लाभले होते, अशा सुखवस्तू वर्गाचाच हा खेळ होता. त्या काळच्या इंग्लंडमधील हौशीपणाची कल्पनाही याच वर्गाच्या जीवनपद्धतीतून घडलेली होती. हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या १८७९ च्या नियमांनुसार तर अंगमेहनत करून पोट भरणाऱ्या कारागिरास वा मजुरास हौशी म्हणून मान्यताच नव्हती. टेनिसमध्ये असा उघड निर्बंध नसला, तरी व्यवहारात परिणाम फारसा वेगळा झाला नाही. ‘व्यावसायिक’ म्हणजे क्लबच्या सभासदांना वेतन घेऊन खेळ शिकविणारा माणूस, असे समीकरण होते. भारतातील जिमखान्यांतूनही सभासदांबरोबर पगारावर खेळणारे ‘मार्कर’ याच वर्गात मोडत. त्यांचा खेळ अनेकदा सभासदांपेक्षा सरस असूनही हौशींच्या स्पर्धा त्यांना बंद होत्या.

या काळात प्रौढ वय ही अडचण मानली जात नसे. खेळाचा वेग मर्यादित होता, स्पर्धा थोड्या होत्या व बहुतेक स्पर्धक अन्य उद्योग सांभाळून खेळत. आर्थर गोर (१८६८–१९२८) या इंग्रज खेळाडूने १९०९ मध्ये वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी विंबल्डनचे एकेरीचे विजेतेपद मिळविले. पुरुषांत याहून अधिक वयाचा विजेता तेथे पुढे झालेला नाही.

पद्धतशीर सरावाचा उदय : पहिल्या महायुद्धानंतर सरावाला शास्त्रीय शिस्तीचे स्वरूप आले. फ्रान्सच्या सूझान लांग्लेन (१८९९–१९३८) हिला तिच्या वडिलांनी लहानपणापासून मैदानावर निरनिराळ्या जागी रुमाल पसरून त्यांवर नेमका चेंडू टाकण्याचा अभ्यास करविला. अमेरिकेच्या बिल टिल्डन (१८९३–१९५३) याचे उदाहरण प्रौढ खेळाडूच्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. १९१९ च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बिल जॉन्स्टनकडून तो पराभूत झाला. आपला उलट्या हाताचा फटका केवळ बचावाचा आहे, हे ओळखून सव्विसाव्या वर्षी त्याने तो फटका मुळापासून बदलण्याचे ठरविले. १९१९-२० चा हिवाळा ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे एका आच्छादित मैदानावर अखंड सराव करण्यात त्याने घालविला. १९२० मध्ये त्याने विंबल्डन व अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धा या दोन्ही जिंकल्या. अमेरिकन विजेतेपद त्याने पुढे १९२५ पर्यंत सलग आपल्याकडे राखले. एका दोषावर लक्ष केंद्रित करून केलेला दीर्घ सराव सर्वसाधारण गुणवत्तेच्या हौशी खेळाडूला कोठवर नेऊ शकतो, याचे हे प्रमाण मानले जाते. मात्र असा एक अख्खा हिवाळा मोकळा ठेवणे बहुसंख्यांना शक्य नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे.

हौशीपणातील विसंगती : आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस महासंघाची स्थापना १९१३ मध्ये पॅरिस येथे झाली. हौशीपणाचे नियम राबविणे हे महासंघाचे व राष्ट्रीय संघटनांचे एक प्रमुख काम होऊन बसले. प्रेक्षकांची गर्दी व तिकिटांचे उत्पन्न वाढत गेले. पण ज्यांच्यामुळे हे उत्पन्न होई, त्या खेळाडूंना प्रवास व निवास यांच्या खर्चापलीकडे काही घेण्याची मुभा नव्हती. परिणामी खर्चाच्या नावाखाली गुप्तपणे जादा रकमा देण्याची पद्धत सुरू झाली. क्रीडासाहित्य तयार करणाऱ्या कंपन्या नामांकित खेळाडूंना नाममात्र नोकरीत ठेवून वर्षभर खेळण्यास मोकळे ठेवीत. नियमांची अंमलबजावणीही समन्यायी नव्हती. विंबल्डनविषयी वृत्तपत्रांत लेख लिहिल्याबद्दल टिल्डनला १९२८ मध्ये अमेरिकन संघटनेने डेव्हिस चषकाच्या संघातून वगळले. परंतु फ्रान्समधील सामन्याचे आकर्षण ओसरू नये म्हणून राजनैतिक पातळीवर रदबदली होताच त्याला खेळू देण्यात आले आणि सामना आटोपल्यावर पुन्हा निलंबित करण्यात आले. हौशी कोणास म्हणावे या प्रश्नावरील मतभेद हे १९२४ नंतर ऑलिंपिक सामन्यांतून टेनिस वगळले जाण्याचेही एक कारण होते. पदकांसह त्याचा पुनःप्रवेश १९८८ मध्ये सेऊल येथे झाला.

या व्यवस्थेची खरी झळ पाठीशी धन नसलेल्या खेळाडूंना बसली. अल्थिया गिब्सन (१९२७–२००३) ही न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीत वाढलेली कृष्णवर्णी खेळाडू. वर्णभेदामुळे १९५० पर्यंत तिला अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद होते. १९५७ व १९५८ अशी दोन्ही वर्षे तिने विंबल्डन व अमेरिकन या स्पर्धांची विजेतेपदे मिळविली. तथापि त्यांतून तिला उपजीविकेचे साधन लाभले नाही. १९५८ नंतर हौशी खेळ सोडून ती बास्केटबॉलच्या प्रदर्शनीय सामन्यांआधी प्रेक्षकांसमोर टेनिस खेळू लागली.

व्यावसायिक दौरे : अशा परिस्थितीत उघडपणे पैसे घेऊन खेळण्याचा मार्ग प्रथम लांग्लेनने पतकरला. १९२६ मध्ये सी. सी. पाइल या अमेरिकन प्रवर्तकाने तिच्याशी ५० हजार डॉलरचा करार करून अमेरिकेत दौरा आखला. १९३० च्या अखेरीस टिल्डन व्यावसायिक झाला. त्याच्यामागून एल्सवर्थ व्हाइन्स, फ्रेड पेरी, डॉन बज, जॅक क्रेमर, पांचो गोन्झालेझ, केन रोझवॉल व रॉड लेव्हर हे विजेते त्याच वाटेने गेले. करारावर सही होताच प्रमुख स्पर्धांची दारे बंद होत. विंबल्डन तीन वेळा जिंकणाऱ्या पेरीला क्लबच्या सभासदत्वासही मुकावे लागले. व्यावसायिक खेळाडू गावोगाव तात्पुरत्या मैदानांवर रोज रात्री सामने करीत. त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी हौशी स्पर्धांतील अव्वल खेळाडू निघून जाई आणि विंबल्डनचा विजेता हा जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू आहे, असे निःशंकपणे म्हणता येत नसे.

खुल्या टेनिसचा आरंभ : हौशी व व्यावसायिक यांना एकत्र खेळू द्यावे, हा प्रस्ताव महासंघाच्या १९६० च्या सभेत अवघ्या पाच मतांनी फेटाळला गेला. ऑगस्ट १९६७ मध्ये विंबल्डनच्या मुख्य मैदानावर व्यावसायिकांची स्पर्धा भरविण्यात आली व तिला मोठा प्रतिसाद लाभला. डिसेंबरात ब्रिटिश संघटनेने आपल्या अधिकारक्षेत्रात हा भेद रद्द केला. अखेर ३० मार्च १९६८ रोजी पॅरिस येथील सभेत महासंघाने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली.

पहिली खुली स्पर्धा एप्रिल १९६८ मध्ये इंग्लंडमधील बोर्नमथ येथे झाली. तीत मार्क कॉक्स या ब्रिटिश हौशी खेळाडूने गोन्झालेझ व रॉय एमर्सन या दोन व्यावसायिकांना हरवून खळबळ उडविली. पुरुषांचे विजेतेपद व १,००० पौंडांचे पारितोषिक रोझवॉलला मिळाले, तर महिलांत विजयी झालेल्या व्हर्जिनिया वेडने हौशी दर्जा राखण्यासाठी ३०० पौंड नाकारले. त्याच वर्षीच्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत हा विरोधाभास अधिकच ठळक झाला. आर्थर अॅश (१९४३–९३) हा त्या वेळी अमेरिकन भूदलात लेफ्टनंट होता. हौशी म्हणून खेळून त्याने अंतिम सामन्यात नेदर्लंड्सच्या टॉम ओकरला हरविले. पण विजेत्याचे १४ हजार डॉलर मिळाले ते पराभूत ओकरला; अॅशला दररोजच्या २० डॉलर भत्त्यावर समाधान मानावे लागले. पुढील काही वर्षांत हे वर्गीकरण मागे पडून एकच खुला खेळ उरला.

मानांकन पद्धती : स्पर्धेत प्रवेश कोणाला द्यावा, हे पूर्वी आयोजकांची पसंती व राष्ट्रीय संघटनेची शिफारस यांवर अवलंबून असे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक टेनिसपटूंच्या संघटनेने २३ ऑगस्ट १९७३ पासून संगणकाच्या साहाय्याने मानांकन प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्यात रूमानियाचा इली नस्तासे प्रथम क्रमांकावर होता. महिलांचे असे मानांकन नोव्हेंबर १९७५ मध्ये सुरू झाले आणि पहिला क्रमांक ख्रिस एव्हर्टला मिळाला. वंश, क्लब वा वशिला यांपेक्षा सामन्यातील निकाल निर्णायक ठरू लागला, ही या पद्धतीची मोठी देणगी होय.

तथापि या पद्धतीने एक नवी अडचण निर्माण केली. मानांकनाचे गुण मिळविण्यासाठी स्पर्धांत प्रवेश हवा आणि प्रवेश मिळण्यासाठी मानांकन हवे. सर्वांत खालच्या, १५ हजार डॉलर पारितोषिकाच्या पुरुषांच्या स्पर्धांत मुख्य भागातील पहिला सामना जिंकल्यास एक गुण मिळतो. पण तेथवर पोहोचण्यापूर्वी बहुधा पात्रता फेऱ्या ओलांडाव्या लागतात. मिळालेले गुण ५२ आठवड्यांनी बाद होतात; म्हणून प्रवास सतत चालू ठेवावा लागतो. महासंघाने केलेल्या पाहणीनुसार २०१३ मध्ये व्यावसायिक स्पर्धांत सुमारे १४ हजार खेळाडू उतरले व त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना पारितोषिकाची काहीच रक्कम मिळाली नाही. प्रशिक्षकाचा खर्च वगळूनही जमाखर्चाची तोंडमिळवणी होण्यास पुरुषांना सुमारे ३३६ वा व महिलांना सुमारे २५३ वा क्रमांक गाठणे आवश्यक होते.

प्रौढ हौशी खेळाडू : खुल्या टेनिसबरोबर पारितोषिके वाढली, तशी तयारीही बालवयात सुरू होऊ लागली. निक बॉलेटिएरी याने १९७८ मध्ये फ्लॉरिडात काढलेल्या निवासी प्रबोधिनीचे अनुकरण अनेक देशांत झाले. १९७९ मध्ये ट्रेसी ऑस्टिनने सोळाव्या वर्षी अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली. नोकरी सांभाळून संध्याकाळी दोन तास खेळणारा प्रौढ आणि दिवसभर मैदानावर घालविणारा किशोर यांच्यातील अंतर त्यामुळे वाढत गेले. प्रौढपणी व्यावसायिक दर्जा गाठलेल्या खेळाडूंच्या मागे बहुधा तरुणपणीच्या खेळाचा भक्कम पाया आढळतो. रिनी रिचर्ड्स ही व्यवसायाने नेत्रशल्यचिकित्सक. लिंगपरिवर्तनानंतर महिलांच्या स्पर्धेत खेळण्याचा अधिकार तिने १९७७ मध्ये न्यायालयातून मिळविला आणि चाळिशी उलटल्यावर १९७९ मध्ये जगातील विसाव्या क्रमांकापर्यंत मजल मारली. पण तारुण्यात तीही नामांकित हौशी खेळाडू होती. अमेरिकन विद्यापीठांतील स्पर्धा हा उशिरा पक्व होणाऱ्यांचा दुसरा मार्ग होय. जॉन इस्नर हा जॉर्जिया विद्यापीठातून बाविसाव्या वर्षी व्यावसायिक खेळाकडे वळला व २०१८ मध्ये आठव्या क्रमांकावर पोहोचला.

ज्यांना हा पल्ला गाठणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी निराळ्या मोजपट्ट्या निर्माण झाल्या. अमेरिकेत १९७९ मध्ये १.० ते ७.० अशी प्रतवारी अमलात आली. तीत नवशिक्यापासून जागतिक दर्जाच्या व्यावसायिकापर्यंत सर्वांचे स्थान दाखविता येते. प्रौढांसाठी वयोगटवार जागतिक स्पर्धा व मानांकनेही आहेत.

भारत : अखिल भारतीय लॉन टेनिस संघटना १९२० मध्ये स्थापन झाली व भारताने १९२१ मध्ये डेव्हिस चषक स्पर्धेत प्रथम भाग घेतला. मुंबईच्या लीला राव यांनी १९३४ मध्ये विंबल्डन येथे सामना जिंकला. असा विजय मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. संस्कृत लेखिका पंडिता क्षमा राव या त्यांच्या मातोश्री. त्यांचे वडील शंकर पांडुरंग पंडित हे महाराष्ट्रातील ख्यातनाम विद्वान होते. क्षमाबाई स्वतःही उत्तम टेनिस खेळत. घौस महंमद याने १९३९ मध्ये विंबल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठली. रामनाथन कृष्णन (१९३७–  ) याने १९६० व १९६१ मध्ये तेथील उपांत्य फेरीत प्रवेश केला. क्रेमरने १९५९ मध्ये देऊ केलेला व्यावसायिक करार त्याने नाकारला. तो स्वीकारता, तर डेव्हिस चषकात भारतातर्फे खेळण्यास तो अपात्र ठरला असता. १९६६ मध्ये भारत अंतिम फेरीत पोहोचला. अलीकडच्या काळात सोमदेव देववर्मनने अमेरिकन विद्यापीठाच्या मार्गाने २०११ मध्ये बासष्टावा क्रमांक मिळविला. रोहन बोपण्णाने जानेवारी २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी दुहेरीत जागतिक प्रथम क्रमांक पटकावला. पुण्याजवळील बालेवाडी येथे २०१८ ते २०२३ या काळात जागतिक दौऱ्यातील पुरुषांची स्पर्धा भरत असे.

सुमारे दीडशे वर्षांच्या या वाटचालीत खेळाची दारे उघडली गेली, हे निर्विवाद आहे. पूर्वी धनाभावी वा वर्णामुळे वगळले गेलेले खेळाडू आज निकालाच्या बळावर प्रवेश मिळवू शकतात. मात्र पूर्वी कामधंदा सांभाळून विजेतेपदाची उमेद बाळगणारा जो प्रौढ हौशी खेळाडू होता, त्याचे स्थान याच स्थित्यंतरात नाहीसे झाले. जुन्या नियमाने द्रव्य घेणाऱ्यास मज्जाव केला होता. आजच्या व्यवस्थेत असा कोणताच मज्जाव नाही, परंतु आरंभीची काही वर्षे पदरचे द्रव्य खर्चिल्याशिवाय पहिला गुणही सहसा हाती लागत नाही.