जुन्या नावांचा प्रश्न : कुबरनेटीसच्या नामव्यवस्थेचा ऐतिहासिक मागोवा

दफ्तरातील जुन्या नावांचे महत्त्व इतिहासाच्या अभ्यासकास वेगळे सांगावयास नको. संगणकक्षेत्रात मात्र जुने नाव म्हणजे अडगळ, अशी समजूत रूढ आहे. ती कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात कुबरनेटीस या प्रणालीच्या आधारे केला आहे. संगणकांच्या समूहावर कंटेनरांची, म्हणजे स्वतंत्रपणे बांधलेल्या आज्ञावलींची, स्वयंचलित वाटणी व देखरेख करणारी ही प्रणाली गूगलने जून २०१४ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

जुलै २०१५ मध्ये तिची १.० ही आवृत्ती आली, तेव्हा मूळ संसाधनांच्या गटास नावच नव्हते. पुढे नामांकित गट वाढले व त्यांना ‘एपीआयएस’ असा अनेकवचनी पत्ता मिळाला. मूळ गट मात्र आजही निनावी असून ‘एपीआय’ या जुन्या पत्त्यावरच नांदतो. ‘डिप्लॉयमेंट’ हे संसाधन ‘एक्स्टेन्शन्स’ गटातून ‘ॲप्स’ गटात गेले. तेथील त्याचे स्थिर रूप डिसेंबर २०१७ मध्ये सिद्ध झाले, तरी जुने नाव सप्टेंबर २०१९ मधील १.१६ आवृत्तीपर्यंत चालू होते.

हे स्थित्यंतर बव्हंशी सुरळीत झाले. ‘मास्टर’ या लेबलची कथा निराळी आहे. नियंत्रक संगणकास लावले जाणारे हे लेबल गुलामगिरीच्या स्मृतीमुळे आक्षेपार्ह ठरले. डिसेंबर २०२० मधील १.२० आवृत्तीपासून त्याच्या जोडीला ‘कंट्रोल प्लेन’ हे लेबल आले आणि मे २०२२ मधील १.२४ आवृत्तीत जुने लेबल काढण्यात आले. मुदत पुरेशी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु आपण ते नाव वापरतो हे ज्यास ठाऊकच नाही, त्यास पूर्वसूचनेचा उपयोग काय?

१४ मार्च २०२३ रोजी रेडिट या संकेतस्थळाने आपला एक जुना समूह १.२३ वरून १.२४ आवृत्तीवर नेला. समूहांतर्गत संदेशांचे मार्ग कळविणारे संगणक तेथे ‘मास्टर’ या लेबलवरूनच निवडले जात. लेबल नाहीसे होताच निवड रिकामी झाली व समूहाचे अंतर्गत जाळे कोलमडले. ही रचना काही वर्षांपूर्वी केलेली होती व तिची माहिती असणारी माणसे दरम्यान अन्यत्र गेली होती. संकेतस्थळ ३१४ मिनिटे विस्कळीत राहिले. मूळ कारणाचा उलगडा नंतर झाला. त्या दिवशी समूह जतन केलेल्या प्रतीवरून जुन्या आवृत्तीवर परत न्यावा लागला.