फिलाडेल्फियातला लंगोट

एका लंगोटापायी फिलाडेल्फियातल्या नामवंत कलाशिक्षकाची नोकरी गेली. साल १८८६. पेनसिल्व्हेनिया अकादमी ऑफ द फाइन आर्ट्सचे संचालक थॉमस एकिन्स वर्गात शरीररचना शिकवत होते. समोर पुरुष मॉडेल, बसलेल्यांत विद्यार्थिनीही. एक स्नायू कुठून निघतो आणि कुठे जाऊन मिळतो हे दाखवायचं, तर मॉडेलच्या कमरेचं फडकं आड येत होतं. एकिन्सनी ते काढलं. फेब्रुवारीत त्यांचा राजीनामा घेतला गेला.

उघड्या देहाकडे बघून चित्र काढायचं की नाही, हा वाद या शहरात तेव्हाच जवळजवळ नव्वद वर्षांचा झाला होता. चार्ल्स विल्सन पील या चित्रकाराने १७९४ च्या सुमारास इथे ‘कोलंबियानम’ नावाची कलासंस्था उभी करायचा घाट घातला. तिच्यासाठी मॉडेल म्हणून एका पाववाल्याला ठरवलं होतं. जमलेली मंडळी बघून तो पळून गेला, तेव्हा पील स्वतःच कपडे उतरवून उभा राहिला, अशी गोष्ट सांगितली जाते. संस्था काही टिकली नाही. पण याच पीलच्या पुढाकाराने १८०५ मध्ये अकादमी स्थापन झाली.

अकादमीत आधी जिवंत माणसं नव्हती, ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या. त्याही उघड्याच! म्हणून आठवड्यातला एक दिवस फक्त स्त्री प्रेक्षकांसाठी राखून ठेवला. पुढे जिवंत मॉडेल आली, पण तोंड झाकून. फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टमध्ये तरुण एकिन्सचं कोळशाने काढलेलं एक रेखाटन आहे. त्यात निर्वस्त्र स्त्री बसलेली आहे. पोटाच्या वळ्या, मांड्यांचं वजन, सगळं सावकाश, निरखून काढलेलं. चेहऱ्यावर मात्र मुखवटा. देह दिसला तरी चालेल, ओळख पटता कामा नये.

१८६८ मध्ये विद्यार्थिनींसाठी वेगळा ‘लाइफ क्लास’, म्हणजे जिवंत मॉडेलवरून शिकायचा वर्ग, निघाला. तो कसा दिसायचा हे ॲलिस बार्बर या विद्यार्थिनीने १८७९ मध्ये रंगवून ठेवलं आहे. चित्र जेमतेम हातभर, करड्या-तपकिरी छटांतलं, कारण ते मासिकात छापायचं होतं. मॉडेल निर्वस्त्र उभी आहे. तिच्यासमोर गळ्यापासून घोट्यापर्यंत कपड्यांत गुरफटलेल्या मुली इझल लावून कामात गढल्या आहेत. कुणी लाजलेली नाही की कुणी चोरून बघत नाही.

एकिन्स पॅरिसला चित्रकार जेरोमच्या हाताखाली शिकून आलेले, शिवाय जेफरसन मेडिकल कॉलेजात शरीररचनेचे धडे गिरवलेले. अकादमीची नवी इमारत उभी राहत होती तेव्हा वर्ग बंद होते. त्या काळात त्यांनी ‘फिलाडेल्फिया स्केच क्लब’च्या लाइफ क्लासमध्ये फुकट शिकवलं. १८७६ मध्ये अकादमीत आल्यावर त्यांनी प्लास्टरपुढे महिनोन्महिने कोळसा घासत बसणं कमी केलं आणि विद्यार्थ्यांच्या हातात थेट ब्रश दिला. शवविच्छेदन अभ्यासक्रमात आलं. मातीकामाच्या वर्गात एकदा खरीखुरी गाय आणून उभी केली; त्याचा फोटो आजही बघायला मिळतो.

लंगोट हे निमित्त झालं, तक्रारी आधीपासून साचत होत्या. मॉडेल मिळालं नाही तर एकिन्स विद्यार्थ्यांनाच एकमेकांसाठी उभं राहायला सांगत, त्यांचे विवस्त्र फोटो काढत. अकादमीच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष एडवर्ड कोट्स यांनी त्यांच्याकडून एक चित्र करवून घेतलं होतं. एकिन्सनी ‘स्विमिंग’ रंगवलं. पोहायला आलेले उघडे तरुण आणि कोपऱ्यात पोहणारे स्वतः मास्तर. कोट्सनी ते नम्रपणे परत करून दुसरं चित्र घेतलं. राजीनामाही पुढे त्यांनीच मागितला.

काही विद्यार्थी अकादमी सोडून बाहेर पडले. त्यांनी आपली वेगळी ‘आर्ट स्टुडंट्स लीग’ काढली आणि एकिन्स तिथे बिनपगारी शिकवत राहिले. पुढची वर्षं त्यांनी माणसांचे चेहरे रंगवण्यात घालवली. त्यात म्हातारे कवी वॉल्ट व्हिटमनही आहेत. थकवा, सुरकुत्या, हरवलेली नजर, काहीही न लपवणारी ती व्यक्तिचित्रं कित्येकांना पसंत पडत नसत. शस्त्रक्रियेचं त्यांचं चित्र ‘द ग्रॉस क्लिनिक’ १८७८ मध्ये जेफरसन कॉलेजसाठी २०० डॉलरला घेतलं गेलं. २००६ मध्ये ते शहराबाहेर जायला निघालं, तेव्हा ते राखायला ६ कोटी ८० लाख डॉलर उभे करावे लागले. ती रक्कम पुरी करायला अकादमीला आपल्याकडचं एकिन्सचंच ‘द चेलो प्लेयर’ विकावं लागलं. ज्याला घालवलं, त्याचं एक चित्र राखायला त्याचंच दुसरं घालवावं लागलं!

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं, पण निर्वस्त्र मॉडेलवरून अभ्यास करणारा लाइफ क्लास तिथे आला तो कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ मध्ये प्रमुख म्हणून आल्यानंतर. त्यानंतर शंभरेक वर्षांनी याच वर्गातल्या मॉडेलवर रवी जाधव यांनी ‘न्यूड’ हा चित्रपट काढला. त्यातली यमुना आपलं काम स्वतःच्या मुलापासून लपवते. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवातल्या निवडीतून तो चित्रपट ऐनवेळी वगळला गेला. फिलाडेल्फियातला मुखवटा कागदावर होता, यमुनेचा न दिसणारा, इतकाच फरक.

आणि तो स्केच क्लब? १८६० मध्ये स्थापन झालेला हा क्लब आज कॅमॅक स्ट्रीट या अरुंद गल्लीत आहे. तिथे अजून मॉडेल बसतं आणि लोक स्केचबुक घेऊन येतात. अशा वर्गांची रीत सगळीकडे साधारण सारखीच. आधी एक-दोन मिनिटांच्या झटपट पोझ, त्यात हात मोकळा होतो. मग वीसेक मिनिटांची लांब पोझ. मधल्या विश्रांतीला मॉडेल उठतं, तेव्हा त्याच्या पावलांच्या जागा खडूने किंवा चिकटपट्टीने आखून ठेवतात, म्हणजे परत आल्यावर अंगठा होता तिथेच टेकतो. अकादमीने आपले पदवी अभ्यासक्रम २०२५ मध्ये बंद केले. क्लबातला लाइफ क्लास चालू आहे.