लाखेचा प्रदेश आणि गुळगुळीत फळी

जेवणाच्या मेजावर, कपाटाच्या दारावर, कचेरीतल्या टेबलावर किंवा आगगाडीच्या डब्यात आज जो चकचकीत, गुळगुळीत पृष्ठभाग दिसतो, त्याला मराठी माणूस कोणी ‘फॉर्मायका’ म्हणतो, कोणी ‘सनमायका’. दोन्ही नावे खरे म्हणजे विशिष्ट कारखानदारांच्या मालाची; पण वापरून वापरून ती सामान्यनामे झाली आहेत. ‘मायका’ म्हणजे अभ्रक. गंमत अशी की, या फळीत अभ्रक घालावेच लागत नाही. मग ते नावात शिरले कसे, याचा माग काढीत गेले, तर ती वाट अमेरिकेतल्या विजेच्या कारखान्यांतून निघून आपल्या मध्य प्रांतातल्या पळसबनांत येऊन पोचते.

जबलपूर हे १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. त्यानंतर ते इंग्रजांकडे गेले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यावर पुन्हा नागपूरशी जोडले गेले. हा संबंध १९५६ पर्यंत टिकला. नागपूरहून जबलपूरवरून मिर्झापूरला जाणारा जुना रस्ता हा दख्खन आणि गंगाकाठ यांना जोडणारा मोठा व्यापारी मार्ग. वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून याच वाटेने उत्तरेस जात असे. याच मिर्झापुरात पुढे लाख शुद्ध करण्याचे कारखाने भरभराटले. १८६७ मध्ये अलाहाबादहून आगगाडी जबलपूरला आली, १८७० मध्ये ती मुंबईच्या मार्गास मिळाली, आणि जंगलचा माल हाताशी आला. लाखेच्या उत्पन्नात पहिला मान छोटा नागपूरचा, हे खरे. तथापि जबलपूर, मंडला, शिवनी, दमोह या टापूतल्या पळस, बोर आणि कोशिंब या झाडांचाही त्यात वाटा होता. कोशिंबाला तिकडे ‘कुसुम’ म्हणतात, आणि त्यावरची लाख उत्तम समजली जाते.

लाख ही झाडाची राळ नव्हे. एक अतिसूक्ष्म किडा कोवळ्या फांदीला चिकटून रस शोषतो आणि आपल्या अंगाभोवती राळेचे कवच रचीत जातो. असे असंख्य किडे दाटीवाटीने बसले म्हणजे फांदीवर खडबडीत, तांबूस थर चढतो. बैसाखी, कातकी, जेठवी आणि अगहनी अशी या पिकाची चार नावे आहेत. ती धान्याच्या हंगामांसारखी वाटतात, आणि गोंड-बैगांच्या संसारात त्यांचे स्थान तसेच असे. घरचे धान्य संपत आले की बाजारात नेण्यास हाताशी असलेली वस्तू म्हणजे लाख. प्राचीनांना ही वस्तू चांगली ठाऊक होती. पायांना लावायचा अळता तिचाच. आणि लाक्षागृहाची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला ती किती भडकन पेटते, हे निराळे सांगावयास नको. कटनी-मुडवाऱ्याचे, म्हणजे तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यातले, विद्वान रायबहादूर हिरालाल यांच्या साहाय्याने रसेल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात लाखेच्या बांगड्या घडविणाऱ्या लखेरा जातीलाही स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

युरोपीय व्यापाऱ्यांना प्रथम हवा होता तो लाखेचा तांबडा रंग. १८५६ नंतर कृत्रिम रंग निघाले आणि तो धंदा बसला. परंतु रंग धुऊन काढल्यावर मागे राहणारी राळ तोवर जगाच्या डोळ्यांत भरली होती. तिचे पत्रे करण्याची रीत पाहण्यासारखी असे. स्वच्छ केलेली दाणेदार लाख एका अरुंद, लांबलचक कापडी पिशवीत भरीत. पिशवी विस्तवासमोर धरून पिळीत. झिरपलेला रस पसरून घेत आणि तो गरम असतानाच एक कारागीर हात, पाय आणि दात यांनी धरून ताणी, तेव्हा त्याचा कागदासारखा पातळ, पारदर्शक पत्रा होई. हाच चपडा. स्पिरिटमध्ये विरघळवून लावला की लाकडाला आरशासारखी झिलई येई. ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच. बालगंधर्वांचा स्वर घरोघर पोचला तो या किड्यांच्या कवचावर कोरला जाऊन, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेची यंत्रे आली. वीज बाहेर निसटू नये म्हणून अभ्रकाचे पापुद्रे लाखेने एकमेकांस चिकटवून त्यांचे तक्ते केले जात. लाखेत भिजवलेल्या कागदाचे थर गुंडाळून वा दाबूनही अशा वस्तू होऊ लागल्या. कागद, राळ, उष्णता आणि दाब, या चारांचा संयोग येथेच झाला. आजच्या फळीचे मूळ या लाखेच्या वस्तूंत आहे.

पण लाखेत एक खोट होती. ऊन लागले की ती मऊ पडे. यंत्र तापले की तिची पकड सैल होई. पॉलिश केलेल्या मेजावर गरम पेला ठेवला की पांढरे वर्तुळ उमटे. शिवाय तिचा पुरवठा दूरच्या जंगलांवर, पावसावर आणि किड्यांच्या लहरीवर अवलंबून. भाव आज आभाळात, उद्या पाताळात. बेल्जियममध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कजवळ स्थायिक झालेले रसायनज्ञ लिओ बेकलँड हे लाखेला पर्याय शोधण्याच्या मागे लागले ते यामुळेच. १९०७ मध्ये त्यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून अशी राळ सिद्ध केली, की एकदा उष्णतेने घट्ट झाली म्हणजे ती पुन्हा वितळत नाही. हेच बेकेलाइट, १९०९ मध्ये ते जगासमोर आले.

वेस्टिंगहाउस कंपनीत काम करणारे डॅनियल ओकॉनर आणि हर्बर्ट फेबर यांनी पुढचे पाऊल टाकले. या नव्या राळेने माखलेले कापड गुंडाळून नळी करावयाची, ती उभी चिरून उलगडावयाची आणि दाबयंत्रात सपाट करावयाची, अशी ती युक्ती. १९१३ मध्ये दोघांनी सिनसिनाटी येथे स्वतःची कंपनी काढली. माल अभ्रकाऐवजी वापरायचा, म्हणून ‘फॉर मायका’, आणि त्यावरून ‘फॉर्मायका’. प्रारंभी ती फळी काळी-तपकिरी असे आणि यंत्रांच्या पोटात दडून राही. १९२७ च्या सुमारास लाकडाच्या रेषा छापलेला कागद वर बसविण्याची रीत निघाली आणि १९३८ च्या सुमारास मेलॅमाइन या स्वच्छ, कठीण राळेची जोड मिळाली. तेव्हा कुठे ही फळी दिवाणखान्यात आली.

आजची कृतीही मुळात तीच. जाड तपकिरी कागदाचे अनेक थर फिनॉलच्या राळेत भिजवून वाळवितात. त्यांवर मेलॅमाइनमध्ये बुडविलेला नक्षीचा कागद येतो. मग आरशासारख्या घासलेल्या पोलादी पत्र्यांमध्ये ही चवड ठेवून सुमारे १४० अंश सेल्सिअस उष्णता आणि दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोच्या आसपास दाब देतात. चवड दाबाखालीच थंड करावी लागते, नाहीतर पत्रा वाकतो. जी गुळगुळीत कांती आपण वाखाणतो ती वस्तुतः त्या पोलादाची. फळी तिची केवळ छाप घेते. मागची बाजू खरवडून तो पत्रा लाकडी फळीवर चिकटवितात.

इकडे लाखेचे काय झाले? पहिल्या महायुद्धानंतर भाव विलक्षण चढला आणि तितक्याच वेगाने कोसळला. लिंडसे व हार्लो यांनी १९२१ मध्ये या धंद्याचा अहवाल लिहिला, आणि त्यापाठोपाठ रांचीजवळ नामकुम येथे लाखेची संशोधनसंस्था उभी राहिली. व्यापाराची चिंता समजण्यासारखी होती. पण जंगलात लाख खरवडणाऱ्या माणसाला आपला प्रतिस्पर्धी सिनसिनाटीतल्या दाबयंत्रात जन्मला आहे, याची वार्ता कोण देणार? त्याला फक्त आठवड्याच्या बाजारात भाव उतरलेला दिसे. १९५० नंतर तबकड्याही हळूहळू प्लॅस्टिकच्या झाल्या, आणि लाखेचे आणखी एक मोठे गिऱ्हाईक गेले.

तरी लाख संपली नाही. औषधाच्या गोळ्यांवरील आवरण, फळांवरील चकाकी, वाद्यांची झिलई येथे पोटात गेली तरी अपाय न करणारी आणि स्पिरिटमध्ये सहज विरघळणारी राळ हवी असते, आणि तेथे बेकेलाइटचा उपयोग नाही. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने अलीकडच्या काळात लाखेचे किडे तुरीच्या झाडावर वाढविण्याचे प्रयोग केले आहेत. पळस वाढायला वर्षे लागतात. तूर त्याच हंगामात उभी राहते. शेंगा डाळीला आणि दांडे लाखेला, असा तो हिशेब आहे.