धावणाऱ्याचे कान

जून १९७९. सोनी कंपनीने पत्रकारांना बसने टोकियोच्या योयोगी उद्यानात नेलं आणि प्रत्येकाच्या हाती एक छोटं कॅसेट-यंत्र आणि हेडफोन ठेवले. भाषण झालंच नाही. नव्या मालाची माहिती कॅसेटमधून थेट कानात वाजली. समोर तरुण-तरुणी सायकली आणि रोलर स्केट्सवर गाणी ऐकत फिरत होते. १ जुलैला विक्रीस आलेल्या या वॉकमनची किंमत होती ३३,००० येन. पहिल्या महिन्यात जेमतेम तीन हजार नग गेले. ऑगस्ट सरता सरता तीस हजारांचा सगळा साठा संपला.

कौतुक झालं ते यंत्राचं. चालत्या-पळत्या माणसाला संगीत दिलं ते मात्र त्याच्या हेडफोनने. त्या काळचे हेडफोन ३०० ते ४०० ग्रॅमचे, घरात बसून ऐकण्यासाठी केलेले. सोनीचे भरले सुमारे ५० ग्रॅम.

त्यांच्या फोमच्या चकत्यांमागची वाट जर्मनीच्या सेनहायझरने १९६८ मध्ये ‘एचडी ४१४’ हा हेडफोन काढून दाखवली होती. कान बंद करणाऱ्या जड वाट्यांऐवजी सच्छिद्र पिवळा फोम आणि मागून उघडी रचना. त्यामुळे वजन घटलं, आवाज मोकळा झाला आणि बाहेरचंही ऐकू येऊ लागलं. हा तिसरा गुण घरात कुणाला फारसा महत्त्वाचा नव्हता. रस्त्यावर मात्र तोच जीव वाचवणारा.

तरीही धास्ती होतीच. १९८२ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातल्या वुडब्रिज गावाने हेडफोन लावून रस्ता ओलांडण्यावर बंदी घातली. पण पुढच्याच वर्षी सोनीचा पिवळाधमक स्पोर्ट्स वॉकमन आला: रबरी पट्ट्यांनी सांधे बंद केलेला, पावसाच्या शिंतोड्यांना न घाबरणारा.

मग कानाच्या आत घट्ट बसणारी सिलिकॉनची बोंडं रुळली. ती धावताना निसटत नाहीत, बेसही दमदार देतात. पण बंद कानात स्वतःच्या पावलांचे धक्के घुमतात आणि मागून येणारी गाडी कळत नाही. अमेरिकेच्या ॲथलेटिक्स महासंघाने २००७ च्या सुमारास शर्यतीत हेडफोनवर बंदी घातली आणि २००८ च्या अखेरीस ती सैल केली.

उघड्या कानाला दुसरी वाट मिळाली ती हाडांतून. अमेरिकेतले संशोधक ह्यूगो गर्न्सबॅक यांनी १९२० च्या दशकात कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ‘ऑसोफोन’ केला होता. तो दातांत धरायचा आणि आवाजाची कंपनं कवटीतून पोचायची. आजचे बोन कंडक्शन हेडफोन तेच काम कानाच्या पुढच्या हाडावर टेकून करतात. बेस त्यांत कमजोर, गोंगाटात शब्द हरवतात. तरी रहदारीच्या रस्त्यावर धावणाऱ्याने हेच किंवा कानाबाहेर राहणारे घ्यावेत. सिलिकॉनची बोंडं ट्रेडमिलसाठी ठीक.

पाण्याचं गणित वेगळं. हेडफोन किती पाणी सोसेल हे सांगणाऱ्या मानांकनात आयपीएक्स४ म्हणजे सर्व बाजूंनी शिंतोडे चालतील. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पोहणाऱ्याला तेवढंही पुरत नाही, कारण ब्लूटूथच्या लहरी पाण्यात लगेच विरतात. गाणी हेडफोनमध्येच साठवलेली लागतात. शिवाय या मानांकनाची चाचणी होते साध्या पाण्यात, घामात नव्हे. घामातलं मीठ चार्जिंगच्या टोकांना गंजवतं. म्हणून धावून आल्यावर हेडफोन ओलसर फडक्याने पुसून, पूर्ण सुकवून मगच चार्जिंगला लावावेत.